सोळाशे मीटरच्या पुढे

क्रीडाशास्त्राच्या पुस्तकात मध्यम पल्ल्याचे धावणे म्हणजे आठशे आणि पंधराशे मीटरच्या शर्यती अशी व्याख्या सापडते. तीन हजार मीटरच्या अडथळा शर्यतीला, म्हणजे स्टीपलचेसला, काही अभ्यासक याच गटात बसवतात, तर काही तिला लांब पल्ल्यात ढकलतात. नांदेड जिल्ह्यातील उमरी, भोकर, धर्माबाद या पट्ट्यात या वादाची कोणाला गरज पडत नाही, कारण तेथे मध्यम पल्ला एकच आहे आणि तो सोळाशे मीटरचा आहे. राज्य पोलिसांच्या शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराला सोळाशे आणि महिला उमेदवाराला आठशे मीटर धावावे लागते, सैन्यभरतीच्या मैदानावरही १.६ किलोमीटरचीच धाव असते, आणि तिचे गुण घड्याळ ठरवते. साडेपाच मिनिटांच्या आत येणाऱ्याला साठपैकी साठ, पंधरा सेकंदांपर्यंत उशीर झाला तर अठ्ठेचाळीस आणि त्यापुढे घरचा रस्ता, अशी सैन्याची पद्धत बरीच वर्षे चालत आली. हे अंतर जुन्या इंग्रजी मैलापेक्षा जेमतेम नऊ मीटरने कमी आहे, म्हणजे रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला जे अंतर इतिहासात प्रथमच चार मिनिटांच्या आत कापले, जवळजवळ तेच अंतर मराठवाड्यातील तरुण रोज पहाटे मोजत असतो. फरक एवढाच की बॅनिस्टर वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि त्याची नोकरी त्या धावेवर अवलंबून नव्हती.

उमरी हे सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावर मुदखेड आणि धर्माबाद यांच्यामध्ये येणारे तालुक्याचे गाव असून हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४८ साली तेथील बँकेवर पडलेल्या धाडीमुळे ते इतिहासाच्या पुस्तकांत गेले आहे. आसपासची शेती बहुतांशी कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन यांच्यावर उभी असलेली, आणि दोन एकरांच्या वाटणीत तिसऱ्या भावाचे पोट भरत नाही हे घरोघर ठाऊक असल्यामुळे बारावीनंतर पोराने भरतीची तयारी करावी, हा निर्णय फारशी चर्चा न होताच ठरून जातो. नांदेडचा उमेदवार छत्रपती संभाजीनगरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे पाहतो, लातूरचा आणि बीडचा पुण्याच्या, पण तयारीची रीत तिन्हीकडे सारखीच असते. काळ्या मातीचे मैदान पावसाळ्यात बुटाला गोळे चिकटवते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून धाव डांबरी सडकेवर होते. चारशे मीटरची आखलेली धावपट्टी नसल्यामुळे अंतर किलोमीटरच्या दगडावरून किंवा मोबाइलवरून मोजले जाते. आणि वेळ धरणारा बहुधा गेल्या वर्षी एक-दोन गुणांनी हुकलेला मोठा मुलगाच असतो. ‘ग्राउंड निघाले’ आणि ‘लेखीत गेले’ या दोन वाक्यांत येथील धावण्याची सारी समीक्षा आटोपते, आणि निवडीची यादी लागली की धावणे संपते, हे या व्यवस्थेचे सर्वांत ठळक लक्षण म्हटले पाहिजे.

या अंतराची अडचण अशी की ते शरीराला कोणतीही एक बाजू धरू देत नाही. शंभर मीटर धावणारा स्नायूंत आधीच साठवलेल्या ऊर्जेवर दहा-अकरा सेकंद निभावून नेतो आणि त्या वेळात ऑक्सिजनचा प्रश्न फारसा उपस्थितच होत नाही. मॅरेथॉन धावणारा श्वासाने मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या मर्यादेत राहून, जवळजवळ सर्वच ऊर्जा त्याच्या साहाय्याने निर्माण करत दोन-अडीच तास चालतो. आठशे मीटरमध्ये सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने आणि उरलेली त्याच्याविना तयार होते, पंधराशेमध्ये ऑक्सिजनचा वाटा चार-पंचमांशाच्या वर जातो, आणि जी थोडी ऊर्जा ऑक्सिजनविना काढलेली असते तिची किंमत स्नायूंमधील आम्लता वाढून तत्काळ चुकवावी लागते. पूर्वी या जळजळीचा सारा दोष लॅक्टिक आम्लाच्या माथी मारला जाई. लॅक्टेट हे स्वतः इंधन म्हणूनही वापरले जाते हे सिद्ध झाल्यापासून शास्त्रज्ञ अधिक जपून बोलू लागले आहेत, परंतु तिसऱ्या फेरीत पाय शिशाचे होतात या अनुभवात त्यामुळे काही फरक पडलेला नाही. भरतीच्या मैदानावर ज्याला ‘तिसऱ्या राउंडला दम तुटतो’ म्हणतात, तीच गोष्ट पंधराशे मीटरच्या ऑलिम्पिक अंतिम शर्यतीतही दिसते. वेगवान माणूस तेथे उरलेल्या दमावर अडतो, दमदार माणूस शेवटच्या दोनशे मीटरवर अडतो, आणि या दोन्ही गोष्टी ज्याच्यात एकत्र येतात असा धावपटू घडवायला सोळा ते बावीस या वयातील वर्षे फार मोलाची असतात. पुढे ज्या कारकिर्दीचा विचार करायचा आहे तिच्यात नेमकी हीच वर्षे वेगळ्या कामात गेली होती.

अविनाश साबळे याचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ रोजी बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा या गावी झाला. आष्टी हा मराठवाड्याच्या पश्चिम टोकाचा आणि उमरी पूर्वेकडचा तालुका असला, तरी दोन्हीकडच्या जगण्याचे गणित सारखेच आहे. आईवडील शेतीबरोबर वीटभट्टीवर काम करणारे, शाळा सुमारे सहा किलोमीटरवर, जाण्यायेण्यास वाहन नाही, म्हणून लहानपणी हे अंतर चालत किंवा पळत कापावे लागे. हा तपशील त्याच्यावरील प्रत्येक लेखात येतो आणि बहुधा त्याच्या पुढच्या यशाचे कारण म्हणून येतो. हे कारण पुरेसे मानता येत नाही. शाळेसाठी पाच-सहा किलोमीटर पायपीट करणारी लाखो मुले महाराष्ट्राने पाहिली आणि त्यांतून आंतरराष्ट्रीय धावपटू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही निघाले नाहीत. शिवाय साबळेच्या बाबतीत शाळेच्या वाटेवरचे ते धावणे आणि स्पर्धेतले धावणे यांच्यामध्ये सैन्यातली काही वर्षे आहेत, ज्यांत तो धावपटू नव्हताच.

बारावीनंतर तो सैन्यात दाखल झाला आणि त्याची नेमणूक ५ महार या पलटणीत झाली. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली आणि कालांतराने सर्व समाजांतील जवान तिच्यात येऊ लागले. मराठवाड्यातील पुष्कळ घरांतून तिच्याकडे वाट जाते. साबळे २०१३-१४ या काळात सियाचीनच्या हिमनदीवर होता, नंतर राजस्थानच्या वाळवंटात आणि मग सिक्कीममध्ये गेला, आणि एकवीस वर्षांचा होत असताना, २०१५ साली, सैन्यांतर्गत क्रॉस-कंट्री स्पर्धेत उतरला. क्रॉस-कंट्री म्हणजे आखलेल्या धावपट्टीऐवजी माळ, चढ, चिखल यांतून धावण्याची शर्यत, जी सैन्यात तुकडीच्या पातळीपासून होत असल्यामुळे ज्याने कधी काटेरी तळाचे बूट पायात घातले नाहीत असा जवानही तिच्यात नजरेस पडू शकतो. मिल्खा सिंग यांच्या धावण्याची सुरुवातही सिकंदराबादच्या लष्करी केंद्रावरील अशाच एका क्रॉस-कंट्रीने झाली होती, आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये आठशे मीटरची अंतिम शर्यत पहिल्या फेरीत पुढे राहून ओढणारा, १ मिनिट ४५.७७ सेकंदांत सातवा आलेला श्रीराम सिंग हाही राजपुताना रायफल्सचा जवान होता. श्रीराम सिंगचा तो राष्ट्रीय विक्रम बेचाळीस वर्षे टिकला आणि २०१८ साली जिन्सन जॉन्सनने तो मोडला, तोही सैन्यातलाच. भारतीय मध्यम पल्ल्याचा इतिहास लिहायचा तर त्याची निम्मी पाने लष्करी छावण्यांत लिहावी लागतील, आणि याचे कारण जवान जात्याच काटक असतो हे नसून त्याला महिन्याचा पगार, दोन वेळचे पोषक जेवण आणि सकाळची सक्तीची धाव या तीन गोष्टी एकाच ठिकाणी मिळतात हे आहे.

पुन्हा धावण्याजोगे होण्यासाठी साबळेने तीन महिन्यांत सुमारे वीस किलो वजन उतरवले, असे त्याच्या मुलाखतींतून येते. सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी २०१७ साली त्याला सपाट शर्यतीतून अडथळा शर्यतीकडे वळवले. ही शर्यत मराठी वाचकाला ठाऊक असलीच तर २०१२ साली आलेल्या ‘पान सिंग तोमर’ या हिंदी चित्रपटामुळे, आणि तोही नायक जवानच होता. तिचा उगम आयर्लंडमध्ये घोड्यांच्या ज्या शर्यतीत सापडतो ती एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्याच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतली कुंपणे आणि ओढे ओलांडत चालत असे. माणसांच्या शर्यतीत कुंपणाच्या जागी लाकडी अडथळा आणि ओढ्याच्या जागी पाण्याचा खड्डा आला. तीन हजार मीटरच्या सात-साडेसात फेऱ्यांत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या, अशा एकूण पस्तीस वेळा धावपटूला जमीन सोडावी लागते. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते, त्याचे वजन ऐंशी ते शंभर किलोच्या दरम्यान असते, आणि ११० मीटर हर्डल्समधील हलका अडथळा जसा पाय लागताच पडतो तसा हा पडत नाही, पडतो तो धावपटू. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांबीचा आणि अडथळ्यापासून दूर जाताना उथळ होत जाणारा असतो, त्यामुळे जो लांब उडी घेतो त्याचे बूट कमी भिजतात आणि जो थकून जवळ पडतो त्याला उरलेली शर्यत जड पायांनी धावावी लागते. थकव्याची शिक्षा थकव्यातच वाढवणारी अशी दुसरी शर्यत मैदानी खेळांत क्वचितच असेल. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी हे तंत्र प्रथम शिकणे म्हणजे दमाच्या जोरावर वेळ मारून नेणे आणि उडीतले नुकसान धावेने भरून काढणे, आणि साबळेच्या सुरुवातीच्या काळाचे वर्णन याहून वेगळे करता येणार नाही.

भारतात तेव्हा या शर्यतीचा राष्ट्रीय विक्रम गोपाल सैनी याच्या नावावर होता. १९८१ साली टोकियोच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने नोंदवलेली ८ मिनिटे ३०.८८ सेकंद ही वेळ सदतीस वर्षे कोणालाही ओलांडता आली नव्हती. घोट्याच्या दुखापतीमुळे साबळेची २०१८ ची आशियाई क्रीडा स्पर्धा हुकली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सप्टेंबरमध्ये, भुवनेश्वरच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्याने ८:२९.८० अशी वेळ देऊन तो विक्रम एका सेकंदाहून थोड्या अधिक फरकाने मागे टाकला. पुढच्या सहा वर्षांत त्याने स्वतःचाच विक्रम आणखी नऊ वेळा मोडला: पतियाळा, दोहा, टोकियो, तिरुवनंतपुरम, राबात, बर्मिंगहॅम अशी ठिकाणे बदलत गेली आणि ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये आकडा ८:०९.९१ वर आला. सदतीस वर्षांत एक सेकंदही न हललेला काटा सहा वर्षांत जवळजवळ एकवीस सेकंद मागे सरकला. दोन्ही शर्यती शेजारी ठेवून पाहिल्या तर साबळे रेषा ओलांडत असताना १९८१ चा सैनी सुमारे सव्वाशे मीटर मागे असेल. उमरीच्या सडकेवरील तरुणाला हा वेग समजून घ्यायचा असेल तर हिशेब असा पडतो की ज्या सोळाशे मीटरला साडेपाच मिनिटांत पूर्ण गुण मिळतात ते अंतर साबळे याच गतीने सुमारे चार मिनिटे एकवीस सेकंदांत, वाटेतले अडथळे ओलांडत मागे टाकतो, आणि तेव्हा त्याच्यापुढे आणखी चौदाशे मीटर शिल्लक असतात.

विक्रमांची ही मालिका कौतुकास्पद असली तरी तिच्यावरच थांबणारे लेखन त्याच्या कारकिर्दीचे अर्धेच चित्र देते. धावपट्टीवरील शर्यत दोन प्रकारची असते, आणि त्यांतील फरक मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर फारसा सांगितला जात नाही. पहिल्या प्रकारात, म्हणजे डायमंड लीगसारख्या निमंत्रितांच्या स्पर्धांत, सुरुवातीच्या फेऱ्या ठरलेल्या वेगाने ओढण्यासाठी पैसे देऊन एक धावपटू नेमलेला असतो, ज्याला पेसमेकर म्हणतात, आणि अलीकडे तर धावपट्टीच्या कडेने दिवेही त्या वेगाने सरकत जातात. तेथे प्रत्येकाने जमेल तितका वेळ त्या वेगाला चिकटून राहायचे असते, म्हणून विक्रम तेथे होतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे जागतिक किंवा ऑलिम्पिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत, वेग ओढणारा कोणीच नसतो, पदकाखेरीज कशाला किंमत नसते, म्हणून सारे एकमेकांकडे पाहत मंद धावतात आणि शेवटच्या चारशे-पाचशे मीटरवर अचानक वेग फुटतो. तेथे तीन हजार मीटरची शर्यत प्रत्यक्षात पंधराशे मीटरवाल्याच्या पायांनी जिंकली जाते.

युजीनच्या जागतिक स्पर्धेची २०२२ सालची अंतिम शर्यत हे याचे ढळढळीत उदाहरण आहे. त्याआधी दीड महिना राबातला ८:१२.४८ अशी वेळ देऊन पाचवा आलेला साबळे तेथे ८:३१.७५ वेळेत अकरावा आला, म्हणजे सैनीच्या ४१ वर्षांपूर्वीच्या वेळेहूनही हळू. आणि मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली सुवर्णपदक घेऊन गेला तोही ८:२५.१३ अशा वेळेत, जी साबळे तोवर अनेकदा मागे टाकून आला होता. सुवर्णपदकाची वेळ आपल्या आवाक्यात होती आणि तरीही पदक मैलभर दूर राहिले, ही गोष्ट एखाद्या धावपटूला किती छळत असेल याची कल्पना करता येते. भारतात असताना त्याला अशा शर्यतीचा सराव मिळण्याची सोयच नव्हती, कारण देशांतर्गत स्पर्धेत तो पहिल्या फेरीपासून एकटाच पुढे असे, स्वतःच वेग ठरवी आणि स्वतःच तो राखी. त्याच्या खांद्याला खांदा लावून शेवटचे चारशे मीटर कोणी धावतच नसे. घड्याळाशी धावायला शिकलेला माणूस माणसांशी धावायला उशिरा शिकला, आणि त्यासाठी त्याला अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्जला, समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरहून अधिक उंचीवर, प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्या गटात जावे लागले. विरळ हवेत महिनोन्महिने राहिल्यास रक्तातील तांबड्या पेशी वाढतात आणि ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता सुधारते, हा उंचीवरच्या सरावाचा सर्वज्ञात फायदा आहे. नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटरवर असल्याने तो येथे मिळणे शक्य नाही. परंतु साबळेच्या बाबतीत उंचीपेक्षा सोबत अधिक मोलाची ठरली असावी.

युजीननंतर अवघ्या एकोणीस दिवसांनी, ६ ऑगस्ट २०२२ रोजी, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचा पुरावा मिळाला. राष्ट्रकुलातील ही शर्यत केनियाने जणू आपल्या घरची करून टाकली होती. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहा स्पर्धांत पुरुषांची सर्व अठरा पदके केनियाच्या धावपटूंनी नेली होती. साबळेने शेवटच्या फेरीत एकेक केनियन मागे टाकत अब्राहम किबिवोटला गाठले आणि ८:११.२० वेळेत रौप्यपदक मिळवले. किबिवोटची वेळ ८:११.१५ होती. पाच शतांश सेकंद म्हणजे त्या वेगाला हातभर अंतरही नव्हे. येथे राष्ट्रीय विक्रमही झाला, पण त्या दिवसाचे महत्त्व विक्रमात नव्हते, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये एक भारतीय कोणाच्या तरी मागे लागून धावत होता यात होते.

एरवी त्याच्या वाट्याला आले ते नियमांचे हेलकावे. २०१९ च्या दोहा येथील जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे त्याची वाट दोनदा अडली, भारतीय संघाने आक्षेप नोंदवला आणि तो मान्य होऊन त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली. त्या अंतिम शर्यतीत तेरावा येताना त्याने ८:२१.३७ अशी वेळ दिली, टोकियो ऑलिम्पिकची पात्रता गाठली आणि १९५२ च्या हेलसिंकीतील गुलझारा सिंग यांच्यानंतर या शर्यतीसाठी ऑलिम्पिकला जाणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. टोकियोत उलटे झाले: ८:१८.१२ असा नवा राष्ट्रीय विक्रम करूनही तो अंतिम फेरीच्या बाहेर राहिला, आणि बाहेर राहिलेल्यांत सर्वांत वेगवान तोच होता. २०२३ च्या बुडापेस्टमध्ये वेळेवर पात्र ठरण्याची सोयच काढून टाकण्यात आली, प्रत्येक प्राथमिक शर्यतीतील पहिले पाचच पुढे जाणार होते, आणि साबळे सातवा आला. घड्याळाच्या बाजूने उभे राहणारे नियम एकामागून एक गेले, तसतसे त्याचे मुख्य बळ निकामी होत गेले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आशियात मात्र त्याला वाट पाहणाऱ्या डावपेचांची गरज पडली नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तो सुरुवातीपासून पुढे निघाला, कोणाला जवळ येऊ दिले नाही आणि ८:१९.५० या स्पर्धाविक्रमासह या शर्यतीत आशियाई सुवर्ण मिळवणारा पहिला भारतीय पुरुष ठरला; महिलांत सुधा सिंगने २०१० सालीच ते मिळवले होते. तीन दिवसांनी पाच हजार मीटरमध्ये त्याला रौप्यही मिळाले. याच माणसाने नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीला अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पूर्ण केली होती आणि २०२२ साली बहादूर प्रसाद यांचा पाच हजार मीटरचा तीस वर्षे जुना विक्रम मोडला होता, यावरून त्याचा कल दमाकडे, लांबीकडे आहे हे स्पष्ट दिसते. वाढत्या वयात वेगाचे शिक्षण मिळाले असते तर तो पंधराशे मीटरवर कोठे असता, हा प्रश्न अनुत्तरित राहणार आहे. परंतु पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, प्राथमिक फेरीत नेमके पाचवे म्हणजे शेवटचे पात्र स्थान मिळवून या शर्यतीची ऑलिम्पिक अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष झाल्यावर, तो ८:१४.१८ वेळेत अकरावा आला आणि पहिल्या तिघांनी ८:०६ ते ८:०७ यांच्या दरम्यान रेषा ओलांडली, तेव्हा मधले आठ सेकंद दमाचे नव्हते एवढे नक्की.

महाराष्ट्रातून या शर्यतीत ऑलिम्पिकची अंतिम फेरी आधी गाठली होती ती एका स्त्रीने, आणि तिचे नाव घेतल्याशिवाय हा विचार लंगडा राहील. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हणजे दुष्काळाच्या बाबतीत मराठवाड्याशी स्पर्धा करणाऱ्या भागात, मोही गावी वाढलेली ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिली आली, त्यानंतर अडथळा शर्यतीकडे वळली, २०१५ साली आशियाई विजेती झाली, आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीची ऑलिम्पिक अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला होती. तिची वाटही लांब पल्ल्याकडून मागे आलेली, तिलाही अडथळे उशिराच भेटले, आणि तिचे धावणे रेल्वेच्या नोकरीच्या आधाराने चालले. पुढे राज्य शासनाने तिला महसूल खात्यात अधिकारी म्हणून घेतले. गुणी धावपटूला अखेर स्थिर नोकरी मिळणे हेच यशाचे प्रमाणपत्र मानले जावे, हे तिच्या बाबतीत न्याय्यच असले, तरी धाव ही नोकरीपर्यंत पोहोचवणारी गाडी आहे ही समजूत त्यातून अधिक घट्ट होते, आणि भरतीच्या आठशे मीटरसाठी पहाटे उठणाऱ्या मुलीला तिच्याच पायांत एखादी लांब शर्यत असेल हे सांगायला कोणी उरत नाही.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे साबळेने आशियाई अजिंक्यपद पटकावले, आणि जुलैमध्ये मोनाकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीवर तो पडला. गुडघ्याचे आतले बंध फाटले, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधील टोकियोची जागतिक स्पर्धा गेली. तिशी ओलांडलेल्या अडथळा धावपटूच्या गुडघ्याबद्दल भाकीत करण्यात अर्थ नाही.

त्याच्यासारखा दुसरा कोणी या मातीतून केव्हा निघेल, याचा विचार करताना सैन्यभरतीचे बदललेले स्वरूप बाजूला ठेवता येत नाही. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार जवानाची भरती आता चार वर्षांसाठी होते आणि त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंत जवानांनाच पुढे कायम सेवेत घेतले जाते. सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या लहान वयातच खेळाडू निवडतात आणि नाव मिळवलेल्या खेळाडूंना थेट प्रवेशही मिळतो, पण या दोन्ही वाटा ज्याचा गुण आधीच कोणाच्या तरी नजरेस आला आहे त्याच्यासाठी आहेत; आष्टीत किंवा उमरीत तशी नजर असती तर मुळात हा प्रश्नच उरला नसता. साबळे २०१३ साली सियाचीनवर होता, २०१५ साली क्रॉस-कंट्री धावला आणि २०१७ साली अडथळ्यापुढे उभा राहिला, म्हणजे आजच्या नियमाने त्याची चार वर्षे तोवर संपून गेली असती. कायम ठेवायच्या पंचवीस टक्क्यांत तो बसला असता की नाही, हे ज्या अधिकाऱ्याने ठरवायचे त्याच्यापुढील कागदावर अडथळा शर्यतीची एकही वेळ लिहिलेली नसती.